पेल्याच्या तळाशी

"जीभ वर कर," दादा म्हणाला.

बेबीने जीभ वर केली. दादाने चष्मा सावरून आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. पन्नाशी ओलांडलेल्या बहिणीने मनाच्या आजारावरची लिथियमची गोळी गिळली की नाही, हे बघण्याची ही रीत ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा सुरू झाली आणि पुढे कुणी बंद केलीच नाही. बेबीला मनातल्या मनात हसू यायचं. ती कवळ्या करायची. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे तिच्या हातात. गोळी लपवायचीच ठरवली असती, तर दादाला ती सात जन्मांत सापडली नसती.

पण अलीकडे दादाचा संशय वाढला होता आणि त्याला कारणंही होती. बेबी सुस्तावली होती. बोलता बोलता शब्द हरवायची. तांब्यावर तांब्या पाणी प्यायची, पोट साफ होत नव्हतं, हाडं ठणकत होती. कामावर तिने एका निवृत्त मास्तरांच्या कवळीत डावीकडची दाढ उजवीकडे बसवली. "बेबीताई, मास्तर आता उलटं चावणार का?" मालक हसत म्हणाले, पण दादाला फोन करायला विसरले नाहीत.

दादाच्या लेखी उलगडा सोपा होता. गोळी पोटात जात नाही.

बेबीचा संशय वेगळा होता. संध्याकाळच्या दुधाच्या पेल्यात तळाशी पांढरा चुरा राहायचा. तिने तो बोटांत चोळून पाहिला. साखर नव्हती. प्लास्टर कालवण्यात जन्म गेलेल्या बोटांना एवढं कळत होतं. तरी ती गप्प राहिली. पहिल्यांदा तिला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा ती हेच सांगत सुटली होती की माझ्या जेवणात काहीतरी कालवतात. तेव्हा जेवणात काहीही नव्हतं. बोलत होता तो आजार. आता पुन्हा तोच बोलतोय का? तिला दादापेक्षा स्वतःचाच जास्त संशय येऊ लागला. पेला उजेडात धरायचा, चुरा बघायचा, धुऊन टाकायचा, असं बरेच दिवस चाललं. शेवटी एका संध्याकाळी तिने विचारलंच.

"वहिनी, दुधात काय घालतेस?"

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादाने वहिनीकडे.

"दूधच आहे गं नुसतं," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादाने रजा टाकली. बेबीला दवाखान्यात नेताना एका पिशवीत तिचे दोन गाऊन, टॉवेल आणि दात घासायचा ब्रश भरला. असू दे बरोबर, म्हणाला. बेबीने पिशवी पाहिली आणि काय ते ओळखलं.

दवाखान्यात डॉक्टर नवीन होत्या, वयाने लहान. दादाने सगळं सांगितलं आणि दुधाची गोष्ट हुकमाच्या पानासारखी शेवटी टाकली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पण भरती करायच्या आधी रक्त तपासू म्हणाल्या. तोवर पिशवी घरी कपाटाजवळ भरलेलीच राहिली.

रिपोर्ट घ्यायला वहिनीही बरोबर आली. लिथियम रक्तात हवं तेवढंच निघालं. म्हणजे गोळ्या पोटात जात होत्या. दादाने कागद उलटासुलटा करून पाहिला. वाढलं होतं कॅल्शियम, आणि तेही बरंच. आजवर दर खेपेला लिथियम मोजलं, ते बरोबर आलं की सगळे निश्चिंत. कॅल्शियम कुणी विचारलंच नव्हतं.

गळ्यात भाताच्या शितांएवढ्या चार ग्रंथी असतात, डॉक्टरांनी समजावलं. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. वर्षानुवर्षं लिथियम घेणाऱ्या काहींच्या ग्रंथींची समज चुकते. रक्तात पुरेसं असूनही त्यांना ते कमीच वाटतं आणि त्या हाडांतून ओढत राहतात. बेबीची सुस्ती, तहान, विसरणं, ठणका, बहुतेक सगळं त्यातलंच. लिथियम मनाने बंद करायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं, पुन्हा रक्त तपासायचं, गरज पडली तर गळ्याचं ऑपरेशन. भरती नको.

"कॅल्शियमच्या गोळ्या वगैरे घेता का?"

बेबी नाही म्हणाली. दादाही नाही म्हणाला. वहिनी पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

"मी घालत होते," ती म्हणाली. "कुटून, दुधात. हाडं दुखतात म्हणायची ना. घरात नवी गोळी दिसली की यांची चौकशी सुरू होते, म्हणून सांगितलं नाही."

मूळ दोष ग्रंथींचाच आहे, डॉक्टर म्हणाल्या, पण हे आगीत तेल झालं. आजपासून बंद.

बाहेर आल्यावर वहिनीने बेबीचा हात धरला. तुझ्या भल्यासाठीच केलं गं, असं काहीबाही बोलत राहिली. बेबीने ऐकलं.

"घातलंस त्याचं काही नाही," ती म्हणाली. "मी विचारलं तेव्हा दादाकडे का बघितलंस? तो माझी पिशवी भरत होता, तेव्हाही बोलली नाहीस."

वहिनीचा हात सुटला. दादा रस्त्याकडे बघून बस येते का ते पाहू लागला.

बस आली. वहिनीने पुढे होऊन तिघांचं बाक धरलं आणि खिडकीजवळची जागा हाताने थोपटली. बेबी बाकापाशी आली आणि दांडा धरून उभी राहिली. गुडघे ठणकत होते. दादा उठू लागला, तशी तिने मानेनेच नको म्हटलं. दोन थांब्यांनंतर बस निम्मी रिकामी झाली. ती उभीच होती.