पोरगा झोपतो कुठे

वेस ब्रायर रिजच्या शाळेत गेला, हे रोझली हृस्काला तिच्या सख्ख्या भावाने सांगितलं नाही. दुकानात सॉसेज तोलताना एका गिऱ्हाइकाने सांगितलं. "तुमचा भाचा गेला की हो पलीकडे," असं म्हणून त्या बाईने सुट्टे पैसे पर्समध्ये टाकले, आणि रोझलीला हे माहीतच नव्हतं, ते तिच्या तोंडाकडे बघून त्या बाईला समजलं. मग ती घाईघाईने बाहेर पडली.

रोझलीने ॲप्रन काढला, दुकान मदतनिसावर टाकलं आणि ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात गाडी थेट लाइलच्या दारात नेऊन उभी केली.

लाइल मारेक तिच्याहून दोन वर्षांनी लहान. छपरं दुरुस्त करायचा. ओसरीवर बसून बर्फाचा चहा पीत होता.

"खरं आहे का?" तिने गाडीचं दारही लावलं नव्हतं.

"काय खरं?"

"नाटकं करू नकोस, लाइल. अख्ख्या गावाला माहीत आहे, फक्त मला नाही."

लाइलने ग्लास खाली ठेवला. "तुला सांगणारच होतो. तू अशी येशील म्हणून लांबवत होतो."

वेस म्हणजे कोसेल हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. गेली दोन वर्षं शुक्रवारी संध्याकाळी गावातली दुकानं लवकर बंद व्हायची ती त्याने फेकलेला चेंडू बघायला. आणि तो चेंडू त्याच्या हातात देणारा, वाकून दोन पायांमधून मागे सरकवणारा सेंटर म्हणजे रोझलीचा ग्रेडी. दोघं सात वर्षांचे असल्यापासून दुकानामागच्या कुरणात हेच करत आले होते. एकाने द्यायचा, दुसऱ्याने फेकायचा, मग दोघांनी पळत जाऊन गवतातून शोधून आणायचा. हे त्यांचं शाळेतलं शेवटचं वर्ष होतं.

"इथे कोण येतं त्याला बघायला?" लाइल म्हणाला. "कॉलेजच्या संघांसाठी पोरं हेरणारे कोसेलचं नाव नकाशावर शोधतात आणि कंटाळून सोडून देतात. ब्रायर रिजला दर सरावाला कुणी ना कुणी कुंपणाला टेकून उभा असतो. त्यांच्याकडे छपराखालचं मैदान आहे, रोझ. छपराखालचं! आपल्याकडे पाऊस आला की पोरं कॅफेटेरियात उड्या मारतात."

"आणि तुला काय मिळालं?"

"काम मिळालं. संघाला पैसा पुरवणाऱ्या त्यांच्या क्लबातल्या एकाची छपरांचीच मोठी कंपनी आहे. त्यात काय चुकलं?"

"हद्दीच्या नियमाचं काय? घर तिकडे हलवल्याशिवाय खेळू देतात?"

लाइल हसला. लहानपणी आईच्या डब्यातले कोलाचे, जॅम भरलेले गोड पाव, पळवून आणल्यावर हसायचा, तसा. "अपार्टमेंट घेतलंय ना तिकडे. एक पलंग, एक पडदा, फ्रिजमध्ये दुधाची बाटली. कागदाला तेवढं पुरतं. पोरगा झोपतो इथेच, आपल्या खाटेवर."

"हे तू मला सांगतोयस?"

"तुला नाही तर कुणाला सांगू? बहीण आहेस तू माझी."

त्या दिवशी ती खूप बोलली. बाबांनी त्या मैदानाचे दिवे उभारायला वर्गणी गोळा केली होती, ग्रेडीने आता कोणासाठी वाकायचं, तुला लाज कशी नाही. लाइलने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "तुझा पोरगा असता तर?" त्यावर तिला लगेच उत्तर सुचलं नाही, आणि त्याचाच तिला घरी जाताना सगळ्यात जास्त संताप आला.

पुढच्याच आठवड्यात कोसेलच्या संघाचे कोच बॅगेट दुकानात आले. धिप्पाड माणूस, आवाज असा की काउंटरवरची काच थरथरावी. त्यांनी सुकवलेल्या मांसाची पिशवी घेतली, दुकान रिकामं व्हायची वाट पाहिली आणि टोपी काढून म्हणाले, "मिस रोझली, मला कमीपणा वाटतोय विचारायला. पण आसपासच्या शाळांच्या समितीपुढे मी तक्रार केली आहे. पोरगा खरंच तिकडे राहतो का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचंय. शेजारीपाजारी कोणी बोलायला तयार नाही."

"म्हणून मी बोलू? माझ्या भावाविरुद्ध?"

"भावाविरुद्ध कशाला? गावासाठी. आज वेस गेला. उद्या आठवीतला एखादा जाईल. ही पैसेवाली माणसं आपल्याकडे मळ्यात आल्यासारखी येतात, पिकलेलं तोडतात आणि जातात. मी या गावात हाडं झिजवलीत, मिस रोझली. मला नाही बघवत."

"पोराचं काय होईल?"

"काय होणार? चार दिवसांत परत आपल्या शाळेत. आपल्या ग्रेडीच्या मागे उभा राहील पुन्हा."

तरीही ती नाही म्हणाली. बॅगेटनी आग्रह केला नाही. टोपी घातली, "विचार करा," म्हणाले आणि गेले.

रोझली कदाचित विचारच करत राहिली असती. पण रविवारी चर्चच्या अंगणात वार्षिक जेवण होतं. लांबलचक टेबलं, सकाळपासून धुरावर भाजलेलं मांस, पोल्का नाचाचा बॅण्ड. त्यात लाइल आला, तो अंगावर ब्रायर रिजचा लालभडक शर्ट घालून. छातीवर त्यांचं नाव, पाठीवर वेसचा नंबर. माणसं ताटं हातात घेऊन नुसती बघत राहिली. लाइलला ते आवडलेलं दिसलं. तो मुद्दाम ग्रेडीच्या टेबलाशी थांबला.

"काय रे सेंटर, नवा भिडू चेंडू पकडतो तरी का? का तू देतोस आणि तो जमिनीवर शोधतो?"

दोन-चार जण हसले. ग्रेडीने मान खाली घातली. कान लालबुंद झाले त्याचे. वेस मागे उभा होता, तो म्हणाला, "बाबा, पुरे ना." लाइलने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "अरे, गंमत करतोय. मामाने गंमत करायची नाही तर कोणी?"

रोझलीच्या हातात बटाट्याच्या कोशिंबिरीचं भांडं होतं. ते तिने जवळच्या टेबलावर आदळलं, गाड्यांच्या रांगेत गेली आणि तिथूनच बॅगेटना फोन लावला. "मी बोलते," ती म्हणाली. "कुठे यायचं तेवढं सांगा."

समिती बसली ती तिसऱ्याच एका गावातल्या शाळेच्या वाचनालयात. आठ शाळांचे प्रमुख ओळीने बसलेले, भिंतीवर मुलांनी काढलेली ग्रहांची चित्रं. समोर लाइल आणि वेस. वेसने टाय बांधला होता, तो त्याच्या जाड मानेला काचत होता.

अध्यक्षांनी रोझलीला खुर्ची दाखवली. "बाई, पोरगा झोपतो कुठे?"

लाइल तिच्याकडे बघत होता. त्याला अजून खात्री होती, हे तिला स्पष्ट दिसलं. इतक्या माणसांसमोर ती बोलणार नाही, अशी खात्री. ती दिसली आणि तिचा संताप पुन्हा उसळला.

"आईवडिलांच्या घरी," ती म्हणाली. "कोसेलमध्ये. त्या अपार्टमेंटमध्ये पलंग, पडदा आणि दुधाच्या बाटलीशिवाय काही नाही."

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"भावाने स्वतः सांगितलं."

वेस आपल्या तळहातांकडे बघत राहिला.

हात वर झाले. ब्रायर रिजचा एक सोडला, तर सगळेच. मग अध्यक्षांनी निर्णय वाचला. वेसला वर्षभर शाळेच्या मुख्य संघातून खेळता येणार नाही. ब्रायर रिजमध्ये नाही, कोसेलमध्ये नाही, कुठेच नाही. खोटा पत्ता देऊन तो सरावाच्या सामन्यात उतरला होता, तेव्हा परत जुन्या शाळेत जाण्याची सवलत त्याला मिळत नव्हती.

रोझलीला आधी कळलंच नाही. मग कळलं. बाहेर गाड्यांपाशी तिने बॅगेटना गाठलं.

"तुम्ही म्हणालात परत येईल. चार दिवसांत."

"मला तसं वाटलं होतं."

"तुम्ही वीस वर्षं या समितीपुढे येताय. तुम्हाला नियम माहीत नव्हता?"

बॅगेटनी किल्ल्या खिशातून काढल्या. "नियम तो नियम, मिस रोझली. आपल्याकडे नाही, तर त्यांच्याकडेही नाही. हे काय कमी झालं?"

लाइलची गाडी त्यांच्या शेजारून गेली. खिडक्या बंद होत्या.

ऑक्टोबरमध्ये कोसेलने ब्रायर रिजला हरवलं. फेकायला नववीतलं पोर होतं, तरी हरवलं, कारण पलीकडे तर त्याच्याहूनही कच्चं होतं. वेस ब्रायर रिजच्या बाकांमागे खेळाच्या कपड्यांऐवजी जीन्स घालून उभा होता. सामना संपल्यावर खाऊच्या टपरीत, नाचोवर चीज ओतत असलेल्या रोझलीशी माणसं येऊन हात मिळवून गेली. "हा तुमचा विजय," कोणीतरी म्हणालं. तिने त्याच्यासमोर त्याची थाळी आपटली. "चीज संपलंय. पुढे व्हा."

घरी ग्रेडी तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. नवरा महिन्यातले दोन आठवडे तेलाच्या विहिरीवर असायचा, तेव्हा घरात नुसता फ्रिजचा आवाज. एकदा तिला राहवलं नाही.

"अरे, तुझ्यासाठीच केलं ना मी? सगळ्यांसमोर तुला हसला तो."

"मामा हसला," ग्रेडी म्हणाला. "वेस नाही हसला. आणि माझं नाव यात घेऊ नकोस. मी सांगितलं होतं का तुला?"

"मोठ्यांशी बोलायची ही पद्धत?"

"तू तिथे बोललीस ती कोणती पद्धत होती?"

तिने हात उचलला होता. मारला नाही. पण उचलला होता, आणि दोघांनीही तो पाहिला.

जानेवारीत बातमी आली. ब्रायर रिजने नवा कोच नेमला. बॅगेट.

पगार जवळजवळ दुप्पट, घरही शाळेकडून. ज्या शाळेने पिकलेलं तोडून नेलं म्हणून त्यांचा जीव तुटत होता, तीच शाळा. रोझलीने हे रेडिओवर ऐकलं तेव्हा तिच्या हातात सुरी होती. ती तिने जपून खाली ठेवली, कारण तिचा स्वतःवर भरवसा राहिला नव्हता.

आणि गावाने काय करावं? निरोपसमारंभ ठेवला! शाळेच्या कॅफेटेरियात. केक, भाषणं, नाव कोरलेलं घड्याळ. सॉसेजचे दोन मोठे ट्रे रोझलीच्या दुकानातून मागवले होते, ते ती स्वतः घेऊन गेली.

बॅगेट माइकसमोर उभे राहिले. "हे गाव माझ्या रक्तात आहे," ते म्हणाले. "पण माणसाला आपल्या कुटुंबाचाही विचार करावा लागतो."

"काय म्हणालात?" रोझली मागून ओरडली.

खुर्च्या वळल्या. बॅगेट हसायचा प्रयत्न करू लागले. "मिस रोझली..."

"पुन्हा म्हणा ना. कुटुंबाचा विचार. माझा भाऊ नेमकं हेच म्हणत होता, तेव्हा तुम्ही त्याला गद्दार ठरवलंत. माझ्या दुकानात टोपी हातात धरून उभे होतात. हाडं झिजवली म्हणत होतात. कुठे गेली ती हाडं? ब्रायर रिजला पाठवलीत सामानाबरोबर?"

"रोझली, खाली बस," संघाच्या क्लबाचे अध्यक्ष कुजबुजले. "आज नको."

"मग कधी? सतरा वर्षांच्या पोराचं वर्ष खाल्लं आपण सगळ्यांनी मिळून. मी बोलले, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आणि यांना घड्याळ देताय? पोराला काय दिलंत?"

एक म्हातारा केकच्या ताटलीत बघत होता. बॅगेट माइक सोडून तिच्याजवळ आले आणि तिला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तुम्हाला खोटं बोलायला लावलं नव्हतं."

"नाही. खरंच बोलायला लावलंत," ती मोठ्याने म्हणाली. "तुमच्या कामापुरतं."

मग तिने टेबलावरचे दोन्ही ट्रे उचलले, एकावर एक ठेवले आणि बाहेर पडली. दाराशी कोणीतरी म्हणालं, "अगं, त्याचे पैसे दिलेत!" तिने वळूनही पाहिलं नाही.

लाइलच्या अंगणात वेस ट्रकखाली झोपून काही खटपट करत होता. तिची गाडी ओळखून तो बाहेर सरकला, चिंधीला हात पुसले.

"बाबा आत आहेत, आत्या. पण ते भेटणार नाहीत."

"तुला कळलं का? बॅगेट..."

"माहीत आहे. त्यांनी बाबांना फोन केला होता. मनात काही ठेवू नका म्हणाले."

रोझलीच्या तोंडून एक सणसणीत शिवी गेली. वेस किंचित हसला, मग थांबला.

आतून दार उघडलं. लाइल जाळीच्या दारामागेच उभा राहिला. "कशाला आलीस?"

"त्या बॅगेटला सगळ्यांसमोर बोलून आले."

"छान. आता काय करू? टाळ्या वाजवू?"

"तू चर्चच्या अंगणात तो शर्ट घालून आला नसतास तर..."

"शर्ट!" लाइल ओरडला. "शर्टासाठी माझ्या पोराला उभं चिरलंस तू! मला मारायचं होतंस. सगळ्यांसमोर कानाखाली वाजवायची होतीस, मी खाल्ली असती. घरात बोललेलं तिथे नेऊन मांडलंस!"

"त्याने मला सांगितलं होतं की वेस परत..."

"आणि तू त्याचं ऐकलंस. भावाला एकदा फोन करून विचारलं नाहीस."

तिला ओरडायचं होतं. कोलाचे चोरणाऱ्या, खोटा पत्ता देणाऱ्या, तिच्या पोराला चारचौघांत हसणाऱ्या या माणसाला खूप काही सुनवायचं होतं, आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. पण लाइलने दार लावून घेतलं. आतून कडी वाजली.

वेस तिला गाडीपर्यंत सोडायला आला. शेजारच्या राज्यातल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजात तो जाणार होता. शिष्यवृत्ती नव्हती. स्वतःच्या खर्चाने जायचं आणि संघात घेतात का बघायचं.

"घेतील रे," ती म्हणाली.

"बघू." त्याने मागच्या सीटवरचे ट्रे पाहिले, पण काही विचारलं नाही. "सध्या येऊ नकोस, आत्या. बाबा कधी बोलतील, माहीत नाही. मलाही तुझ्याशी काय बोलायचं ते कळत नाही. मी ग्रेडीशी बोलतो, तेवढं पुरे ना?"

"तो बोलतो तुझ्याशी?"

"रोज."

रोझलीने मान हलवली. तिने गाडी चालू केली. रस्त्यावर आल्यावर तिने काच खाली केली आणि एकटीच मोठमोठ्याने बोलत राहिली. बॅगेटला, लाइलला, टाळ्या वाजवणाऱ्या गावाला, आणि त्या वाचनालयात खुर्चीवर ताठ बसलेल्या बाईला. घर आलं तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं, म्हणून ती तशीच पुढे गेली.