दरीतलं इंजिन

महाबळेश्वरजवळ राहीबाईंच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात साईराज मेकॅनिक तण काढायचं मशीन दुरुस्त करत बसला होता. भरदुपारी धुकं उतरलं होतं. त्यानं प्लग घासला, कार्बोरेटर फुंकून साफ केला आणि दोरी ओढली. पेट्रोलचं ते छोटं इंजिन थोडं चाललं, अडखळलं आणि बंद पडलं.

पण आवाज थांबला नाही. खाली दरीत तसंच एक इंजिन अडखळत चाललं होतं.

"काकी, खाली कुणाचं शेत हाय?"

"शेत न्हाई, कडा हाय," राहीबाई म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यात बांध खचला, तवा आमचं मालक असल्याच मशीनसकट तिथंच खाली गेलं."

साईराजनं खाली वाकून पाहिलं, धुक्यात काहीच दिसेना. तरी त्यानं पुन्हा दोरी ओढली आणि स्क्रू हळूहळू फिरवत इंजिन एका लयीत आणलं. त्याबरोबर दरीतला आवाजही सरळ झाला. त्यानं घाईघाईनं स्विच बंद केला. दरीतलं इंजिन मात्र चालूच राहिलं.

"बंद नगं करू," राहीबाई कड्याकडं बघत म्हणाल्या. "लय दिसांनी त्यांचं नीट चाललंय."

त्यांनी स्वतःच दोरी ओढली. साईराज हत्यारं न उचलताच रस्त्याकडं निघाला.