चौतीस अंशांचं ऊन

नागपूरच्या माणसाला उन्हाचा भारी गर्व. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकला की पोरगी मेरिटमध्ये आल्यासारखा तो आकडा आम्ही पाहुण्यांना सांगतो. या गर्वापायी एक दिवस दोन हजार मुलं भर दुपारी मैदानात उभी राहणार होती, आणि तीही आमची नव्हेत, समुद्रापलीकडची.

मी विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत हवामानाचा अंदाज लिहिते. खिडकीतून दिसतात विमानं आणि रिकामे प्लॉट, पण दिवसभर माझा जीव हिंदी महासागरातल्या एका बेटात. बेटाचं नाव सांगायची परवानगी नाही. तिथल्या चार केंद्रांवरून पावसाचे आणि तापमानाचे आकडे येतात. ते तपासायचे आणि उद्याचा अंदाज पाठवायचा. तिथल्या शाळा, बंदर, बागायती त्यावर चालतात.

फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी माझ्यासमोर उद्याचे आकडे होते. तापमान चौतीस, हवेत दमटपणा पंचाहत्तर टक्के, वारा पडलेला. असं ऊन अंगाला पन्नाससारखं लागतं. उद्या तिथला राष्ट्रीय दिवस, आणि दुपारी बाराला शाळकरी मुलांची कवायत. संगणकानं मात्र उद्याच्या चौकोनात हिरवा रंग भरून ठेवला होता. म्हणजे धोका नाही, खुशाल उभे राहा. कारण धोक्याची मर्यादा चाळीस अंश, आपल्याकडच्या मैदानी भागाची जशीच्या तशी उचललेली. उचलणारे आमचे पुष्कर सर.

पुष्कर सर आमच्या टीमचे प्रमुख. माणूस वाईट नाही, डबा उघडला की आधी दुसऱ्याला वाढतात. पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय.

"सर, उद्या लाल इशारा द्यायला पाहिजे," मी म्हटलं.

"चौतीसला लाल? माया, चौतीसमध्ये आपल्याकडे लोक लग्नात कोट घालून नाचतात!"

सगळे हसले. मलाही एरवी हसू आलं असतं, पण आता मस्तकात तिडीक गेली.

"तिथं घाम वाळत नाही सर. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही."

"त्यांचा जन्म तिथला आहे, त्यांना सवय राहते. आपण लाल दिला, त्यांनी कवायत रद्द केली आणि काहीच झालं नाही, तर करार जाईल. मग जबाबदारी कोणाची?"

तेवढ्यात रुख्मिणीबाई चहा घेऊन आल्या. आमच्या पँट्रीचं सगळं त्याच बघतात. मी त्यांनाच विचारलं, "रुख्मिणीबाई, तुमच्या घरी कूलर आहे ना? जुलैत लावता?"

"जुलैत? येडी झाली का वं माया? पाऊस पडल्यावर कूलर लावला तं आंग चिपचिप करते, घाम सुकतच नाही."

"आन् मे महिन्यात?"

"मेमध्ये तं कूलरपुढं मस्त झोप लागते. ऊन मेमध्ये जास्त, पन जीव जुलैत घाबरते."

"ऐकलं सर? तिथं बाराही महिने जुलै आहे."

सर ओशाळून हसले. त्यांच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत एसी. ज्याचं जळतं त्याला कळतं.

"घरगुती अनुभव वेगळा, माया. आपण कंपनी चालवून राहिलो."

मग मी ऑफिसात कधी न बोललेलं बोलले. "माझे बाबा कुहीच्या राइस मिलमध्ये धान उकडायचे. वाफेत उभं राहून वीस उन्हाळे काढले. मेमध्ये कधी पडले नाहीत. पडले ते जुलैत, बाहेर चौतीस असताना, आणि परत उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा तापमानात ऊन लागत नसते. कागदावर हार्ट अटॅक लिहिलं आणि आम्हाला घरी पाठवलं."

सरांनी हातातला चहा खाली ठेवला.

"मला वाईट वाटलं, खरंच," सर हळू म्हणाले. "पण अंदाज भावनेवर चालत नाही."

"म्हणूनच तर आकडे घेऊन आले."

आमच्याकडे एक नियम आहे. ड्यूटीवरचा माणूस स्वतःच्या नावानं रंग बदलू शकतो. फक्त कोणी बदलत नाही, कारण चुकलं तर नावही त्याचंच. मी जागेवर गेले, लाल केला, खाली नाव टाकलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी बेटावर कवायत सकाळी सहाला उरकली. दुपारी बाराचा आकडा आला: चौतीस पूर्णांक दोन, दमटपणा सत्त्याहत्तर. अंदाज बरोबर. मला वाटलं, झालं, आता कोणी काय बोलणार?

शुक्रवारी तिकडच्या अधिकाऱ्याची तक्रार आली. पाहुण्यांना पहाटे उठावं लागलं. एकाही मुलाला काही झालं नाही, मग इशारा कशासाठी होता?

पुष्कर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "दोन ओळींची माफी लिहून दे. अतिसावधपणा झाला म्हण. नाहीतर मी तुला वाचवू शकणार नाही, माया. वरून फोन येऊन राहिले."

नोकरीची मला गरज होती. घरी आई, घराचे हप्ते, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मी जागेवर येऊन बसले. स्क्रीनवर शनिवारचे आकडे आले होते. पुन्हा चौतीस, पुन्हा वारा पडलेला. उद्या तिथं शाळांच्या शर्यती. चौकोन हिरवागार.

आधी मी रंग बदलला. मग लिहायला घेतलं.

"काल एकही मूल पडलं नाही, याचा जाब मला विचारला आहे. एखादं पडलं असतं तर जाब कोणाला विचारला असता, ते कळवावं. इशारा दिला होता तो कोणी पडू नये म्हणूनच. माफी मागण्यासारखं मी काही केलेलं नाही."

केबिनमध्ये सरांनी कागद दोनदा वाचला. मग त्यांची नजर माझ्या मागे, काचेपलीकडच्या सगळे अंदाज दाखवणाऱ्या मोठ्या स्क्रीनकडे गेली.

"माया, आज परत लाल?"

"उद्या परत चौतीस आहे सर."