उत्तमरावाचा एक तारा

"ह्यो देवराम कोण? माझ्या मशीनला नावं ठेवतोय?"

मोबाईल डोळ्यांपासनं हातभर लांब धरून उत्तमराव गरजत होते. सून शर्वरी भाकरी थापता थापता म्हणाली, "बगरू गावचा शेतकरी हाय, आबा. आपलंच गिऱ्हाईक."

उत्तमराव आमच्या माणदेशातले. फौजेतनं सुटल्यावर जयपुरातच, मुरलीपुऱ्यात आमच्या शेजारी राहिले आणि कडबाकुट्टीची यंत्रं बनवाय लागले. माल दणकट, पण शेड बोळाच्या पोटात. गिऱ्हाईक फिरकंना. शेड मोकळं करून गावी जायचं त्यांनी ठरवलंच होतं. तवा शर्वरीनं हट्टानं नाव, पत्ता, फोटो, समदं इंटरनेटवरच्या धंद्यांच्या यादीत चढवलं. अवजारांच्या पोर्टलवर पण टाकलं. आधी तिनं 'कडबाकुट्टी' लिहिलं, तर कुत्रं विचारंना. मग इकडच्या बोलीत 'कुट्टी मशीन' लिहिलं आणि फोन वाजाय लागला. इतका, की उत्तमराव दुपारच्या झोपेसाठी तो बंद करून ठेवाय लागले.

आणि आता हे. पाचातला एकच तारा, खाली हिंदीत दोन ओळी. पातं हलतंय, आणि फोन लागत नाही.

"पुसून टाक ते."

"मला पुसता येत न्हाई. लिवणाऱ्यानंच बदलाय पायजे. आता जो यादी बघंल त्यो हे वाचूनच पुढं जाईल."

"मग जातोच मी बगरूला."

"भांडाय?"

"ते तितं गेल्यावर बघू." पण जाताना पान्यांची पिशवी त्यांनी घेतली.

भर उन्हाचं, तोंडावर वाळू झेलत ते मोटरसायकलवर गेले. देवराम गोठ्यापाशीच होता. दोघांची अशी जुंपली, की म्हशी रवंथ थांबवून बघाय लागल्या. उत्तमरावांनी तणतणत मशीनचं झाकण काढलं आणि आत वाकून बघितलं. पात्याच्या नटाखाली वायसरच नव्हता. बसवायचा राहिला होता, त्यांच्याच हातनं.

"गलती मेरीच है," ते म्हणाले. "और फोन भी मैंनेच बंद रखा था."

भांडाय आलेला माणूस असं काय बोलंल, हे देवरामच्या ध्यानीमनी नव्हतं. उत्तमरावांनी वायसर घातला, नट आवळले, पात्याला धार लावली. बाजरीचं सरमाड सरसर कापून पडाय लागलं. देवरामनं तांब्याभर ताक आणून पुढं ठेवलं.

चार दिवसांनी शर्वरीनं वाचून दाखवलं, "चार तारे झाले, आबा. लिवलंय, मशीन अच्छी है. आदमी लड़ने आया था, ठीक करके गया."

"पाचवा कुठं गेला?" उत्तमरावांनी लगोलग देवरामला फोन लावला.

"पाचवा भैंस देगी," पलीकडनं हसू आलं. "पहले दूध तो बढ़ने दो, फौजीजी."

फोन ठेवतायत तोवर पुन्हा वाजला. सीकर रोडकडच्या कुठल्या गावातली बाई होती. कुट्टी मशीन पाहिजे होती तिला. "जो लड़ने आते हैं और ठीक करके जाते हैं, वो मिस्त्रीजी आप ही हैं क्या?"

शर्वरीनं पदराआड तोंड लपवलं. उत्तमरावांनी घसा खाकरला, मिशीवरनं हात फिरवला.

"हां जी," ते म्हणाले, "मैंच हूं. गांव का नाम बोलिए."