बुधवारची फेलोशिप

आधीच सांगून ठेवते, मी संशयी नाही. माझा नवरा अरुण म्हणेल की आहे, पण इतकी वर्षं अमेरिकेत, या ईडन प्रेरीत राहून त्याला अजून शेजाऱ्याचं आडनाव माहीत नाही, त्याच्या मताचं काय घेऊन बसायचं? मी फक्त लक्ष ठेवते. आणि प्रथमेशवर लक्ष ठेवायला तर माझ्या बहिणीनंच, प्रतिमानं, सांगलीहून बजावलं होतं. तो इथे पीएचडीला निघाला तेव्हा म्हणाली, "सुमे, एकुलता एक आहे गं. तुझ्या ओटीत घालतेय." ओटीत! सव्वीस वर्षांचा, सहा फुटी घोडा. पण शब्द दिला तो दिला.

सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. दर बुधवारी लॅब सुटली की बस पकडून यायचा. मी पिठलं-भाकरी करायची, तो दोन माणसांचं जेवायचा, आईच्या तक्रारी करायचा आणि उरलेलं डब्यात घेऊन जायचा. माझी अनिका नोकरीला शिकागोला गेल्यापासून आमच्या घरात बुधवारी तेवढा आवाज असायचा.

मग ऑक्टोबरात त्याचा फोन आला. मी फोडणी घालत होते, वर पंखा घुरघुरत होता. म्हणाला, "मावशी, आता बुधवारी जमणार नाही. फेलोशिप असते."

"फेलोशिप!" मी किंचाळलेच. "अरे, वा रे माझ्या वाघा!"

तो पुढे काहीतरी बोलत होता. मोहरी करपायला लागली म्हणून मी फोन ठेवला. आता सांगा, आमच्या घरात बापापासून भाच्यापर्यंत सगळे इंजिनियर. आमच्याकडे या शब्दाला एकच अर्थ आहे. पोरगं हुशार निघालं की युनिव्हर्सिटी त्याला मानानं पोसते, ती फेलोशिप. दुसरी कुठली असते हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही. मी तिथल्या तिथे सांगलीला फोन लावला. तिकडे उजाडायचं होतं, पण प्रतिमा ताडकन उठून बसली. दुपारपर्यंत पेढे वाटून झाले, नातेवाइकांच्या ग्रुपवर हार घातलेला त्याचा फोटो फिरला.

अरुण तेवढा म्हणाला, "फेलोशिप मिळते गं. बुधवारी 'असते' म्हणजे काय?"

"असेल मीटिंग," मी म्हटलं. "तुला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही."

थंडी पडली तसा तो बदलला. फोन केला की मागे माणसांची कुजबुज. एकदा तर चक्क गाणं, सगळे मिळून म्हणतात तसलं. दिवाळीत मी नारळाच्या वड्या दिल्या, तर म्हणाला, "आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना आवडल्या." कुठला ग्रुप? "आहे एक." एवढंच! मावशीला 'आहे एक'! माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

आणि मग फेब्रुवारीत प्रतिमाचा फोन. आवाजात नुसतं तूप. "सुमे, काल प्रथमेशनं व्हिडिओ कॉल केला ना, कपाळाला अंगारा लावला होता गं! परदेशात राहून पोरगं देवधर्म पाळतंय. तुझीच कृपा."

मी म्हटलं, फोटो काढलायस का? काढला होता. तिनं पाठवला, मी चष्मा पुसून पाहिला. मेपल ग्रोव्हच्या देवळात मी महिन्यातून दोनदा प्रसादाच्या ओळीत उभी असते. तिथे मिळते ती विभूती पांढरी असते. हे काळं होतं. आणि नुसतं काळं नाही, एक रेघ उभी, एक आडवी. क्रूसच की तो! प्रतिमाला ती रेघ दिसली नव्हती. आयांना पोराच्या कपाळावर जे हवं तेच दिसतं.

तिला मी काही बोलले नाही. पण डोकं ठिकाणावर राहिना. पोराला बाटवला! माझ्या ओटीतून उचलून नेला! आमच्या आजोळी म्हणायचे, विहिरीत पाव टाकला की अख्खं गाव बाटायचं. इथे तर विहीरही लागत नाही, दर कोपऱ्यावर चर्च आणि आत फुकट जेवण. एकट्या पोराला आणखी काय लागतं?

प्रथमेशचा फोन आमच्या फॅमिली प्लॅनवर आहे, त्यामुळे नकाशावर त्याचा निळा ठिपका मला दिसतो. बुधवारी संध्याकाळी उघडला नकाशा. ठिपका युनिव्हर्सिटीत नव्हताच. नदीच्या अलीकडे एका एपिस्कोपल चर्चवर जाऊन बसला होता. मी अनिकाला फोन केला, तर ती म्हणाली, "मॉम, दॅट्स स्टॉकिंग, पाळत ठेवतेयस तू." हिला काय कळतंय!

अरुण सोफ्यावरून म्हणाला, "आधी त्याला विचार तरी. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग."

"माझ्या गुडघ्याचं नाव काढू नकोस," मी म्हटलं आणि किल्ली घेतली. गुडघा खरंच दुखतो माझा, थंडीत जास्तच.

बर्फातून ड्राइव्ह करत पोचले. दारातच एक फळा होता. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: 'वेन्सडे फेलोशिप. सूप, सोबत आणि अभ्यास. सगळ्यांचं स्वागत.'

मी तो फळा तीनदा वाचला. फेलोशिप. अस्सं! म्हणजे ही ती फेलोशिप, चर्चमधला सत्संग. अंगाची लाही लाही झाली. ज्या शब्दावर सांगलीत पेढे वाटले तो शब्द इथे सुपाच्या पातेल्यावर लावलाय! पोरानं आम्हाला फसवलं. खाली बारीक अक्षरात 'अ‍ॅडल्ट फॉर्मेशन' असंही होतं. मोठ्या माणसांना फॉर्म करतात म्हणजे काय करतात? मातीचा गोळा समजलेत काय?

आत हॉलमध्ये गोल टेबलाभोवती सहा-सात माणसं बसलेली, बहुतेक माझ्यापेक्षा म्हातारी. आणि मधोमध आमचे चिरंजीव, सूप वाढत होते. घरी कधी ताट उचललं नाही त्यानं! मला बघितलं आणि पळीतलं सूप टेबलक्लॉथवर सांडलं.

"मावशी? तू इथे कशी?"

"पत्ता तू दिला नाहीस म्हणून फोनला विचारला."

त्यानं पळी खाली ठेवली. मग सगळ्यांना म्हणाला, "ही माझी मावशी." 'आँट' नाही, मावशीच म्हणाला. गळ्याला पांढरी पट्टी लावलेली एक बाई उठून आली. या इथल्या धर्मगुरू, नाव जोन. बाई आणि धर्मगुरू! फादर म्हणायचं की मदर, हे ठरेना, म्हणून मी नुसती मान हलवली. ती म्हणाली, "बसा ना. आम्ही आधी जेवतो, मग थोडं वाचतो, मग बोलतो. नको असेल तर न बोललं तरी चालतं." फारच गोड. एवढं गोड बोलणाऱ्या माणसाला बोटसुद्धा देऊ नये, हातच धरतात.

माझ्यापुढे सूप आलं आणि पाव आला. सूप मी मसुराचं आहे हे बघून घेतलं. पाव ताटलीच्या कडेला सरकवला.

शेजारी विणलेली टोपी घातलेली एक आजी होती, मार्लीस. तिनं माझा हात धरला. "तुम्हीच मावशी! गुडघा कसा आहे तुमचा? आम्ही दर बुधवारी तुमच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करतो."

माझा चमचा हवेतच राहिला. माझ्या गुडघ्यावर यांचा डोळा! मला न विचारता! उद्या गुडघा बरा झाला तर म्हणतील, बघा आमच्या देवानं केलं, आता या इकडे. मी प्रथमेशकडे बघितलं. तो सुपात बघत होता.

मार्लीस हळू आवाजात पुढे म्हणाली, "आणि लॅबचं ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं हो. तुम्हाला किती काळजी असेल. जूनपर्यंत नवा प्रोफेसर मिळायलाच हवा, नाहीतर परतच जावं लागणार ना त्याला."

मी मान हलवली. अशी हलवली, जशी काही मला सगळं माहीत आहे. लॅबचं काय? परत कुठे? या टोपीवाल्या आजीला माहीत, त्या गळपट्टीवालीला माहीत, समोर पावाला लोणी लावणाऱ्या म्हाताऱ्याला माहीत. आणि ज्याला ओटीत घेतलाय त्याचं मला काही माहीत नाही. खोटं कशाला बोलू, धर्माचा राग मी तिथेच विसरले. मला नुसतं रडू येत होतं.

मी त्याला मराठीत विचारलं. तिथे कुणाला कळणार होतं? "लॅबचं काय झालं रे?"

"गाईडची ग्रँट बंद झाली," तो म्हणाला. "ऑक्टोबरात. पुढच्या सेमिस्टरपासून पैसे नाहीत म्हणाले. आता तात्पुरतं शिकवण्याचं काम दिलंय, तेही मेपर्यंतच. मग नवा गाईड नाहीतर घर."

"ऑक्टोबरात! आणि मला आज कळतंय? एका टोपीकडून?"

"सांगायलाच फोन केला होता, मावशी. म्हटलं, आधी बुधवारचं सांगावं, मग लॅबचं. मी 'फेलोशिप' म्हणालो आणि तू ओरडलीस. पुढचं ऐकलंसच नाही. दुसऱ्या दिवशी आईला फोन केला, तर ती रडत होती आनंदानं. म्हणाली, तुझ्या बाबांच्या फोटोपुढे पेढा ठेवला." तो टेबलक्लॉथवरचा सुपाचा डाग पुसायला लागला. "फेलोशिप मिळालेल्या मुलानं कसं सांगायचं, की त्याला हाकललंय म्हणून?"

मोहरी. त्या करपलेल्या मोहरीचा वास आला मला तिथे, देवाशप्पथ. पण इतक्यात विरघळणाऱ्यातली मी नाही. "आणि कपाळावरचं ते काय होतं? बाप्तिस्मा घेतलास?"

"नाही. राख होती. यांचे ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या बुधवारची. माणूस मातीचा आहे, मातीतच जाणार, एवढंच म्हणून लावतात. मला त्या दिवशी ते खरं वाटलं."

"पुढे घेणार आहेस?"

"माहीत नाही. मनात आलं तर आधी तुला सांगीन." मग म्हणाला, "इथे कोणी विचारत नाही गं, मार्क किती, पेपर किती. विचारतात, झोप लागली का."

हे मला टोचलं. मी काय विचारायची दर बुधवारी? पेपर झाला का, कॉन्फरन्स कुठे, डिग्री कधी. झोपेचं खरंच कधी विचारलं नव्हतं.

जोनबाईंनी एक उतारा वाचला, रानात वाट चुकलेल्या लोकांचा. मग पाळीपाळीनं एकेकानं बोलायचं, या आठवड्यात आपण कुठे वाट चुकलो ते. लोणीवाला म्हातारा मुलाशी भांडल्याचं बोलला. प्रथमेशची पाळी आली, तो म्हणाला, "पास." मार्लीस मला म्हणाली, दर वेळी पासच म्हणतो. जेवताना लॅबचं बोलतो, पण आईला सांगितलं नाही, तिथे येऊन अडतो.

तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजला. प्रतिमा. तिकडे गुरुवार उजाडला की दत्ताला दिवा लावायच्या आधी तिचा मला फोन असतोच. सगळे थांबले. बंद करायचा सोडून मी उचलला.

"सुमे, प्रथमेशची फेलोशिप नीट चालू आहे ना गं?"

मी टेबलावर बघितलं. सूप, पाव, म्हातारी माणसं. आमचा घोडा मान खाली घालून बसलेला. "चालू आहे," मी म्हटलं, "माझ्यासमोरच चालू आहे. थांब, तोच बोलतोय." आणि फोन त्याच्या हातात कोंबला.

"मावशी, नको ना," तो पुटपुटला.

"सांग," मी म्हटलं. "पेढे मी वाटायला लावले. ओरडली तर म्हणावं, मावशीवर ओरड. पण सांग."

मार्लीसला शब्द कळला नसेल एकही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मीही ठेवला. मग तो बोलला, सगळं, भराभर, गाईड, ग्रँट, जून, आणि पेढ्यांचं. मी मेले, म्हटलं, तिला काही झालं तर. नकळत हाताला काहीतरी लागलं ते मी मोडून तोंडात टाकत होते, ताटलीत बघते तर पाव संपलेला.

मग प्रतिमाचा आवाज आला, अगदी बारीक. मला जवळून ऐकू येत होता. ओरडली नाही. पेढ्यांबद्दल चकार शब्द नाही. एवढंच विचारलं, "आत्ता एकटा आहेस का रे?"

"नाही गं आई." त्यानं टेबलभर नजर फिरवली. लोणीवाला, जोनबाई, मार्लीस. "आहेत सगळे." मग माझ्याकडे बघितलं. "मावशीपण आहे."

पण! सख्खी मावशी, आणि नंबर सगळ्यात शेवटी! मी टिश्यूनं नाक पुसलं आणि भांडण पुढच्या बुधवारवर ठेवलं.