हिच्या हातचं दूध

माझे काका शिंपी. कुणाच्या कमरेचा घेर वाढला, कुणाचे खांदे पडले, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळायचं. स्वतःच्या बाबतीत मात्र मोजपट्टी गळ्यातच राहायची. कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हा काकूनं त्यांचं साधं दूध बंद केलं आणि घरीच सोयाबीनचं काढायला लागली. भिजवलेले दाणे चोळून सोलायचे, वाटायचे आणि काकांच्याच दुकानातल्या अस्तराच्या कापडातून गाळायचे. मग कच्चा वास जाईस्तोवर उकळायचं. पहिल्या दिवशी काका म्हणाले होते, हे दूध नव्हे, दुधाची अफवा आहे. पेला मात्र रिकामा केला. पुढे थायरॉइडची गोळी लागली. नवरा विसरभोळा, म्हणून काकू ती पेल्याशेजारीच ठेवायची.

काकू गेली. काका स्वतः दूध काढायला शिकले. तेच कापड, तोच पेला आणि शेजारी गोळी. गोळीची ताकद दोनदा वाढवली तरी काका आपले सुस्तच. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून मशीनवर पेंगायचे. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय आखूड शिवला, तेव्हा मी त्यांना धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

गोळी कशाबरोबर घेता, असं त्यांनी विचारलं.

"दुधाबरोबर."

"कुठल्या?"

"हिच्या."

बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं सगळी हकीकत सांगितली. हसू आवरून त्या म्हणाल्या, की सोयाबरोबर घेतली तर ही गोळी अंगी नीट लागत नाही. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि दूध दुपारी.

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे तिनंच मला आजारी पाडलं?"

"छे हो. दूध चांगलंच आहे, कोलेस्टेरॉल उतरायला त्याची मदतच झाली असेल. फक्त दोन्हींची वेळ एक नको."

घराच्या वळणावर काका मला थांबवून म्हणाले, "वेळ चुकली. तुझी काकू चुकली नाही. घरात सगळ्यांना नीट सांग."

मी सांगितलं.

आता दुपारी ते मशीन थांबवतात आणि दुकानातच सावकाश पेला संपवतात. गिऱ्हाईक आलं तरी बसवून ठेवतात. दुपारी जरा घरी येऊन जा, असा निरोप काकू किती वर्षं धाडत होती. तेव्हा त्यांना एकदाही सवड झाली नव्हती.