शेजारच्या सीटचा काटा

पन्नाशी उलटल्यावर ताईने लग्न केलं आणि लेथवर काम करणाऱ्या तिच्या धाकट्या भावाच्या गाडीतली शेजारची सीट रिकामी झाली. घरही रिकामं झालं होतं, पण त्याबद्दल तो कोणाशी बोलत नसे. गाडीबद्दल मात्र विचारा, तासभर बोलेल.

गाडी म्हणजे काय, आतल्या गाद्याबिद्या उपसून टाकलेली, फक्त ट्रॅकवर पळवायची जुनी चारचाकी. महिन्यातून एका रविवारी भाऊ ती चालवायचा आणि बहीण शेजारी बसून पेट्रोलच्या दाबाचा काटा वाचायची. लांब वळणावर टाकीतलं पेट्रोल एका कडेला जातं, दाब पडतो आणि उपाशी राहिलेलं इंजिन जळून जातं. म्हणून ताई घसा फोडून ओरडायची, "त्रेचाळीस! त्रेचाळीस! अडतीस, सोड पाय!" तो निमूट पाय सोडायचा. जन्मात त्याने दुसऱ्या कोणाचं एवढं ऐकलं नसेल.

ती गेल्यापासून गाडी शेडमध्ये उभी होती, त्यात काट्याची काच तडकली. नवा काटा लावायचा, उद्याचा रविवार एकट्याने काढायचा आणि नाही जमलं तर गाडी विकून मोकळं व्हायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

"काटा आत घे की, स्टिअरिंगसमोर," शेजारचा पेंटर दारातून म्हणाला. "एक भोक पाड, नळी आत ओढ. हाय काय नि नाय काय!"

"आणि नळी फुटली तर पेट्रोल कोणाच्या मांडीवर? तुझ्या?"

"मग विजेचा लाव. नुसती तार आत येते."

"तारेवर माझा भरवसा नाही."

"तुझा भरवसा आहे तरी कशावर?" पेंटर हसत निघून गेला. प्रश्न रास्त होता.

पेट्रोल माणसांच्या बाजूला येता कामा नये, हा नियम ताईचाच. शाळेच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवलेली बाई. आगीच्या बाबतीत तिच्यापुढे कोणाची मात्रा चालत नसे. तेव्हा काटा काचेच्या बाहेर, वायपरपाशी, जुना होता तिथेच.

त्याने पंपाचा फ्यूज काढला आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची तार सोडवली, आग विझवायचा सिलिंडर पायाशी घेतला. पोलादी जाळीची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांबून नेली. इंजिन हलतं, म्हणून तिला थोडी ढील ठेवली आणि प्रत्येक पट्टीखाली रबर घातलं. काट्यासाठी लेथवर स्वतः वाटी कातली होती, ती जुन्या भोकांवर घट्ट बसवली. मधूनच पान्यासाठी त्याचा हात सवयीने मागे जायचा. हातात पाना पडायचा नाही, मग तो स्वतःच उठायचा.

बॅटरी जोडून, फ्यूज लावून त्याने नुसता पंप चालवला आणि प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. तेवढ्यात फोन वाजला.

"बसवलास का रे, धाकट्या?"

"बसवला. बाहेरच. कुठे गळत नाही."

"शहाणा माझा! अरे, मी आलेच असते उद्या, पण हे म्हणत होते की..."

हे! जिने जन्मभर कोणाला 'हे' म्हटलं नाही, ती आता किती सहज म्हणत होती. चिडवायला त्याच्याकडे एक झकास वाक्य तयार होतं, पण तो भलतंच बोलला.

"तू कशाला येतेस? माझं काही अडत नाही."

"काटा दिसतो ना नीट?"

"लख्ख," तो म्हणाला आणि फोन ठेवून बघायला बसला.

स्टिअरिंगमागे बसून त्याने इंजिन चालू केलं. काट्याची फक्त कडा दिसत होती, आकडा एकही नाही. एवढी जीव ओतून कातलेली वाटी त्याने शेजारच्या सीटकडे तोंड करून बसवली होती. जित्याची खोड! त्याला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

इंजिन तसंच ठेवून तो उतरला, वळसा घालून ताईच्या जागेवर जाऊन बसला. इथून सगळं स्पष्ट दिसत होतं.

"त्रेचाळीस!" तो तिच्यासारखाच ओरडला.

स्टिअरिंगमागे कोणी नव्हतं. त्याला ताईची आठवण आली, आकड्यांसाठी नव्हे, नुसतीच.

मग इंजिन बंद करून त्याने दोन स्क्रू ढिले केले, काटा स्टिअरिंगकडे वळवला आणि स्क्रू पुन्हा आवळले. नळीला ढील होती, ताण आला नाही. पुन्हा पंप चालवून कागद फिरवला. आपल्या जागेवर बसून पाहिलं, आकडा लख्ख दिसला. उद्या एकट्याला जमणार होतं. गाडी विकायची गरज उरली नव्हती.

शेजारचं दार उघडंच राहिलं होतं, ते लावायला तो त्या बाजूला गेला आणि सवयीने वाकून आत पाहिलं. त्या सीटवरून आता काट्याची नुसती पाठ दिसत होती. ताई उद्या आली असती, तरी तिला वाचायला काही उरलं नव्हतं.